डोळ्यात चुना, आणि नळ दहा पावलांवर

पाचवा_मजला | रविवार, रात्री ११.२०

हा धागा काढायला तीन आठवडे लागले. घरात विषय निघाला की सासरे, म्हणजे आबा, उठून गॅलरीत जाऊन उभे राहतात, म्हणून इथे लिहितेय.

आम्ही ठाण्यात किसननगरला राहतो. धाकटी साडेचार वर्षांची. आबांची तंबाखूची चंची एरवी खुंटीला असते, पण चुन्याची पुडी त्या दिवशी टीव्हीसमोर राहिली. ती प्लास्टिकची, करंगळीएवढी, टोक कापून दाबायची असते ना, तीच. पोरीने दोन्ही मुठींत धरून पिळली. टोक तिच्याकडेच होतं. पचकन उजव्या डोळ्यात.

पुढे काय केलं ते लाज बाजूला ठेवून सांगते. ओल्या फडक्याने पुसलं. सासूबाई म्हणाल्या तूप घाल, गार पडेल, घातलं. शेजारच्या काकूंनी पदराचा बोळा करून फुंकर मारून शेकलं. तोवर ह्यांनी रिक्षा आणली. बाथरूमचा नळ दहा पावलांवर होता आणि त्या दिवशी पाणीही होतं, पण कुणालाच सुचलं नाही. रिक्षात मी तिचा डोळा ओढणीने घट्ट दाबून धरला होता, उघडू नये म्हणून.

पहिल्या ठिकाणी पोचायला पंचवीस मिनिटं, केस पेपर काढण्यात वीस. ड्यूटीवरच्या मुलाने टॉर्च मारला, मलम भरलं, पट्टी बांधली. "उद्या ओपीडीत दाखवा." पोर पट्टीखाली किंचाळतच होती म्हणून आम्ही तसेच दुसरीकडे गेलो. तिथल्या सिस्टरनी "चुना" एवढा एक शब्द ऐकला आणि माझ्याशी पुढे काही न बोलता पट्टी सोडली, पोरीला चादरीत गुंडाळलं, पापण्या फाकवल्या आणि सलाईनची नळी सरळ डोळ्यावर धरली. नाव, वय, पत्ता सगळं त्यानंतर.

माझा प्रश्न साधा आहे. डोळ्याला मार लागला की इमर्जन्सीत नेमकं काय करतात, आणि तिथे पोचेपर्यंत आपण काय करायचं? ठाणे-नवी मुंबईतल्या लोकांनी अनुभव लिहा. मुलीचं कसं आहे ते सवडीने सांगते, आत्ता हात थरथरतोय.

घोडबंदरकर | रविवार, रात्री ११.४१

वाचून पोटात गोळा आला. आमच्याकडे वडिलांची पुडी फ्रीजवरच असते. आत्ता उठून कपाटात टाकली.

रात्रपाळी | सोमवार, पहाटे ४.१०

नेत्रतज्ज्ञ नाही. नवी मुंबईत कॅज्युअल्टीत काम करते, म्हणजे डोळा आधी आमच्याच हाती लागतो. आज जरा शांत आहे म्हणून सविस्तर लिहिते.

त्या सिस्टरना माझा नमस्कार. डोळ्याच्या पेशंटची एरवी पहिली तपासणी म्हणजे नजर. एकेक डोळा झाकून तक्ता वाचायला लावायचा. तक्ता नसेल तर बोटं मोजायला, तेही जमेना तर हात हललेला दिसतो का, नाहीतर निदान उजेड कळतो का. हे लिहून ठेवल्याशिवाय पुढे जायचं नाही, असं आम्हाला घोकून घेतलेलं असतं. याला अपवाद एकच: डोळ्यात रसायन गेलंय. मग नजर नंतर, कागद नंतर, आधी पाणी.

चुना इतका वाईट का? आम्लाने वरचा थर गोठतो, दूध नासतं तसा, आणि तो गोठलेला थरच पुढच्या आम्लाला बऱ्यापैकी अडवतो. (कडक ॲसिड अर्थात तेवढ्यावर थांबत नाही.) चुना, कॉस्टिक सोडा, नाली साफ करायची पावडर यांचं उलट. ही सगळी अल्कली, म्हणजे आम्लाच्या उलट जातीची. ती पेशींच्या आवरणातल्या चरबीचा अक्षरशः साबण करते आणि वाट काढत आत शिरते. त्यात ओला चुना चिकट. त्याचे खडे वरच्या पापणीच्या घडीत रुतून बसतात आणि झिरपत राहतात. म्हणून नुसतं वरून धुऊन भागत नाही. पापणी पलटायची, त्याच्याही मागची घडी उलटून बघायची आणि ओल्या बोळ्याने खडे टिपायचे.

आमच्याकडे ते असं चालतं: डोळा बधिर करायचा थेंब टाकतो, त्याशिवाय मोठा माणूससुद्धा डोळा उघडत नाही. मग रिंगर लॅक्टेट किंवा साधं सलाईन टांगून सेटची नळी डोळ्यावर. निदान अर्धा तास, निदान एक-दोन लिटर, चुन्याला जास्त. मध्ये थांबून खालच्या पापणीत पीएचची, म्हणजे आम्ल की अल्कली ते आकड्यात सांगणारी, पट्टी लावायची. अश्रूंचा पीएच ७ च्या जरासा वर असतो. पट्टी तिथे आली की थांबायचं. पण पाच-दहा मिनिटांनी परत लावून बघायची. घडीत खडा राहिला असेल तर आकडा पुन्हा चढतो, आणि मग पुन्हा पहिल्यापासून. मी एकदा एका रंगाऱ्याचा डोळा पहाटेपर्यंत धूत बसले होते.

आता घरचं. नळाचं पाणी चालतं, पिंपातलं चालतं, बिसलेरी चालते. शुद्ध पाणी शोधत बसू नका. मूल आडवं करून दुखरा डोळा खालच्या बाजूला, नाकाकडून कानाकडे तांब्याने धार, पापण्या बोटांनी फाकवून. पंधरा-वीस मिनिटं. पोर रडेल, लाथा मारेल, शेजारी जमतील. जमू देत, त्यातल्या कुणालातरी तोवर रिक्षा आणायला पाठवा. चुन्यावर तूप, लिंबू किंवा व्हिनेगर असला उतारा करायचा नाही. आणि पट्टी नको. पट्टी बांधली की चुना आतच कोंडतो.

अजून एक. अशा केसमध्ये डोळा लालभडक असला तर मला उलट बरं वाटतं. बुबुळाच्या कडेचं पांढरं संगमरवरासारखं निस्तेज दिसलं की धस्स होतं, कारण तिथला रक्तपुरवठा जळालेला असतो. बुबुळावरचं पारदर्शक कातडं नव्याने घडवणाऱ्या पेशी त्याच कडेला असतात.

शेवग्याची_शेंग | सोमवार, सकाळी ८.०५

डॉक्टर ताई, राग मानू नका, पण तुपाला इतकं मोडीत काढू नये. आमच्या आजीने गावाकडे डोळ्यात काही गेलं की आईचं दूध घालून आम्हा दहा नातवंडांना वाढवलं. गुलाबपाणी, मध, सगळं झालं. कुणाला चष्माही नाही.

रात्रपाळी | सोमवार, सकाळी ८.३०

राग कसला, शिफ्ट संपली. धुळीचा कण डोळ्याच्या पाण्यानेच निघून जातो आणि श्रेय दुधाला मिळतं. चुन्याचं तसं होत नाही. तूप घातल्यावर चुना धुपायचा राहतो आणि लोण्यातल्या कणीसारखा चिकटून बसतो, आम्हाला तूप आधी काढावं लागतं. मधाचं तर विचारूच नका. पदराची फुंकर तेवढी चालेल, पण ती अंगठा चेमटल्यावर.

पाचवा_मजला | सोमवार, सकाळी ८.४४

लोण्यातल्या कणीसारखा हे अगदी तसंच होतं. सिस्टर बोळ्यावर काढून दाखवत होत्या.

तिरपा_पाना | सोमवार, दुपारी १.५०

रबाळे एमआयडीसीत बावीस वर्षं फॅब्रिकेशन. आमच्याकडे डोळ्याचं काहीतरी होत नाही असा महिना जात नाही.

ग्राइंडरचा कण हा रोजचा. प्रत्येक गल्लीत एक 'डॉक्टर' असतो, बहुतेक टपरीवाला किंवा जुना वेल्डर. काडीपेटीच्या काडीला कापूस गुंडाळून कण काढतो, कधी कधी तर जिभेने. मीही काढून घेतलेत, खोटं कशाला बोलू. एकदा कण निघाला पण टोचणं थांबेना. तिसऱ्या दिवशी डोळ्याच्या डॉक्टरांनी यंत्रावर हनुवटी ठेवायला लावली आणि म्हणाले, "लोखंड गेलं, गंज राहिलाय." बुबुळावर तांबूस कडं! काही तासांत गंज धरतो म्हणे. सुन्न करून इंजेक्शनच्या सुईच्या टोकाने खरवडून काढला. सुई डोळ्याकडे येताना दिसते आणि दुखत मात्र काही नाही.

दुसरं वेल्डिंगचं. दिवसभर काही नाही, रात्री एक-दोनला डोळ्यात वाळू ओतल्यासारखं. पोरं बटाट्याचे काप ठेवतात. एक-दोन दिवसांत उतरतं. पण कॅज्युअल्टीत जो सुन्न करायचा थेंब टाकतात तो इतका भारी वाटतो की आमच्या एकाने बाटलीच मागितली. सिस्टर त्याच्यावर अशी ओरडली!

तिसरं मात्र विसरता येत नाही. छिन्नी-हातोडा. पोरगा नवीन, चष्मा कपाळावर. ठोका मारला, "काहीतरी लागलं" म्हणाला, दोन मिनिटं चोळलं आणि परत कामाला लागला. रक्त नाही, फार दुखणं नाही. संध्याकाळी म्हणाला धुरकट दिसतंय. तपकिरी कपची थेट आत, पार मागच्या पडद्यापर्यंत. चष्मा सगळ्यांना दिलाय हो, पण मे महिन्यात पत्र्याखाली पाच मिनिटांत घामाने वाफ धरते. ज्याने हे कधी घातलं नाही तो म्हणणार, निष्काळजी आहेत.

रात्रपाळी | सोमवार, रात्री ९.१५

पाना दादा, ती सिस्टर बरोबर होती. तो थेंब वारंवार घातला की बुबुळावरची जखम भरतच नाही, आणि दुखत नसल्यामुळे माणसाला पत्ता लागत नाही. डोळा गमावण्याचा तो एक गोड रस्ता आहे. मेडिकलमधून मनाने आणलेल्या स्टेरॉइडच्या थेंबांचंही तेच. गवताची काडी, भाताचं पातं, झाडाची फांदी लागून बुरशी धरली असेल तर स्टेरॉइड म्हणजे तिला खतपाणी.

छिन्नीच्या गोष्टीतला धडा आमच्याकडे नव्या डॉक्टरांनाही शिकवावा लागतो. ठोक्यातून उडालेली कपची इतकी वेगात येते की भोक बारीक पडतं आणि मिटूनही जातं. नजर ६/६, म्हणजे ठणठणीत, असू शकते. म्हणून "काय करत होतास?" हा प्रश्न टॉर्चपेक्षा महत्त्वाचा. लोखंडावर लोखंड आपटत होतं असं उत्तर आलं की काहीही दिसलं नाही तरी डोळ्याचा सीटी स्कॅन. एमआरआय चुकूनही नाही, त्याचं चुंबक कपचीला आतल्या आत हलवेल.

आणि डोळा फुटलाय अशी नुसती शंका जरी आली, म्हणजे बाहुली गोल न राहता थेंबासारखी एका बाजूला ओढलेली, जेलीसारखं काही बाहेर, किंवा काही घुसून बसलेलं, तर चुन्याचे सगळे नियम उलटे. धुवायचं नाही. थेंब नाही, मलम नाही. घुसलेलं उपसायचं नाही. पापणी जबरदस्तीने उघडायची नाही. डोळ्यावर कडक झाकण, ज्याचा भार भुवईच्या आणि गालाच्या हाडावर येईल, डोळ्यावर नाही. आमच्याकडे त्याची शील्ड असते. तुमच्याकडे चहाचा कागदी कप असतो. कपाचा तळाकडचा अर्धा भाग कापून घ्या, डोळ्यावर पालथा ठेवून वरून चिकटपट्टी लावा, झालं. खायला-प्यायला काही देऊ नका, पाणीसुद्धा नाही, भूल द्यावी लागणार असते. आम्ही उलटी थांबवायचं इंजेक्शन आधीच देतो, कारण एक जोराची ओकारी आतलं सगळं बाहेर ढकलू शकते. सोबत धनुर्वाताचं आणि शिरेतून अँटिबायोटिक. टाके शक्यतो चोवीस तासांच्या आत पडायला हवेत.

खारघर_टेकडी | सोमवार, रात्री १०.०२

शाळेत खेळ शिकवतो. टर्फवर टेनिस बॉल लागला तर आम्ही बर्फ लावून बसवतो. गेल्या वर्षी सातवीतला एक मुलगा. चेहऱ्यावर सूज नाही, डोळा पांढरास्वच्छ, पण वर बघायला सांगितलं की ओकायचा. पालकांना वाटलं उन्हाने. दुसऱ्या दिवशी कळलं, डोळ्याखालचं हाड तडकून स्नायू त्या फटीत अडकलाय. असं खरंच होतं?

रात्रपाळी | सोमवार, रात्री १०.३०

होतं, आणि मुलांमध्येच जास्त. लहान हाड मोडत नाही, लवतं आणि दारासारखं परत बंद होतं. स्नायू त्यात चिमटतो. वर बघताना दोन दिसणं, मळमळ, नाडी मंद पडणं. बाहेरून काही दिसत नाही म्हणून डोक्याचा मार समजून भलतीकडे शोध चालतो. असा स्नायू लवकर सोडवावा लागतो, दिवस घालवून चालत नाही. तोवर नाक शिंकरू देऊ नका, हवा डोळ्याच्या खोबणीत शिरते.

बॉलने दुसरं होतं ते म्हणजे बुबुळाच्या पारदर्शक काचेमागे रक्त साचणं. बसवलं की तळाशी लाल रेघ दिसते, ग्लासात सरबत उरल्यासारखी. मूल उशी उंच करून पडून राहायला हवं, ॲस्पिरिन बंद आणि रोज डोळ्याचा दाब मोजायचा. तिसऱ्या ते पाचव्या दिवशी पुन्हा रक्त येण्याची भीती असते, नेमकं तेव्हाच मुलाला बरं वाटून ते खेळायला पळतं.

होळीचा फुगासुद्धा असाच मार देतो, बरं का. आणि २०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात त्या कार्बाइडच्या घरगुती बंदुकांनी मुलांच्या डोळ्यांचं काय केलं ते वाचलंच असेल. त्यात भाजणं, स्फोटाचा मार आणि चुना तिन्ही एकदम, कारण कार्बाइडवर पाणी पडलं की मागे चुनाच उरतो.

जुना_फलक | सोमवार, रात्री ११.१२

थोडं विषयांतर, पण डोळ्यात घुसलेल्या कपच्यांवरून आठवलं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या काचेचे, म्हणजे ॲक्रिलिकचे, तुकडे घुसायचे. हॅरोल्ड रिडली नावाच्या नेत्रशल्यविशारदाच्या लक्षात आलं की हे तुकडे आत राहूनही डोळा भडकत नाही. त्यावरून १९४९ साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्याने माणसाच्या डोळ्यात पहिलं कृत्रिम भिंग बसवलं. आज आपल्या आई-वडिलांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं त्याचं मूळ असं अपघातात आहे. लोखंडाचं मात्र तसं नाही, ते आत राहिलं तर गंजून पडदा मारतं.

घोडबंदरकर | सोमवार, रात्री ११.२०

फलक काका म्हणजे चालतंबोलतं वाचनालय. असो. पोलीस केस म्हणून परत पाठवतात त्याचं काय? भावाला मारामारीत डोळ्यावर ठोसा बसला होता, तर एका ठिकाणी म्हणाले आधी चौकीत जाऊन या.

कायद्याचा_किडा | मंगळवार, सकाळी ९.००

असं करता येत नाही. परमानंद कटारा खटल्यात १९८९ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की जीव वाचवणं आधी, पोलिसांचे सोपस्कार नंतर, आणि हे सरकारी-खासगी सगळ्या डॉक्टरांना लागू. एमएलसीची, म्हणजे पोलिसांना कळवायच्या केसची, नोंद रुग्णालयच करतं, पेशंटने चौकीत हेलपाटा मारायचा नसतो. ॲसिड हल्ल्यात तर २०१३ पासून कायद्यातच आहे, कुठल्याही रुग्णालयाने तातडीचा उपचार फुकट द्यायचा.

पाना दादांसाठी: १९२३ च्या भरपाई कायद्याच्या परिशिष्टात (नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली) एका डोळ्याची नजर गेली, दुसरा धड आहे, तर कमाईची क्षमता ३० टक्के गेली असं धरायचे, डोळाच काढावा लागला तर ४० टक्के. ईएसआयसीचं, म्हणजे कामगार विम्याचं, कार्ड असेल तर दावा तिथूनच. मुकादम "घरी लागलं म्हणून सांग" म्हणतो तेव्हा या भरपाईवर पाणी सोडायला सांगत असतो. केस पेपरवर 'कामावर असताना' हे शब्द पहिल्याच दिवशी पडू देत.

तिरपा_पाना | मंगळवार, सकाळी ९.४०

मुकादमाचं सोडा, आमच्याकडे पोरगाच म्हणतो घरी लागलं लिहा, नाहीतर उद्या काम मिळायचं नाही. पण हे छापून नोटीस बोर्डावर लावतो.

निवांत_नेरुळ | मंगळवार, दुपारी १२.१५

रात्री कुठे जायचं ते कुणी सांगेल का?

रात्रपाळी | मंगळवार, दुपारी ३.३०

रसायन असेल तर घरी धुऊन झाल्यावर जवळ असेल तिथे. सलाईन आणि नळी कुठल्याही कॅज्युअल्टीत असते, त्याला नेत्रतज्ज्ञ लागत नाही. "आधी धुवा" म्हणून तुम्हीच भांडा, संकोच करू नका.

फुटलेला डोळा, छिन्नीची कपची, बॉलचा मार यांना मात्र ऑपरेशन करू शकणारी जागा हवी. निघण्यापूर्वी फोनवर एवढंच विचारा: आत्ता डोळ्याचे डॉक्टर येतील का? हो-ना करत "या, बघू" म्हणाले तर पुढचं ठिकाण. कळव्याचं पालिका रुग्णालय, जेजे, सायन, केईएम ही वैद्यकीय महाविद्यालयांना जोडलेली आहेत, तिथे निवासी डॉक्टर असतात. १०८ ला फोन केला तर झाकणाचं आणि उपाशी ठेवल्याचं त्यांना आवर्जून सांगा.

पाचवा_मजला | मंगळवार, रात्री १०.५०

सगळ्यांचे आभार. आता मुलीचं सांगते.

रात्रपाळी ताई, तुम्ही म्हणता ती पांढरी कड डॉक्टरांनी घड्याळाच्या तासांत मोजली. उजव्या डोळ्यात साधारण सहा ते नऊ, म्हणजे बारापैकी तीन तास. बाकीची शाबूत. बुबुळ धुरकट होतं पण त्यातून आतला तपकिरी भाग दिसत होता, हे चांगलं लक्षण म्हणाले. थेंब चार प्रकारचे, त्यातला स्टेरॉइडचा पहिले दहा दिवस आणि मग उतरवत बंद. व्हिटॅमिन सीच्या गोळ्या. रोज नारिंगी रंग टाकून निळ्या उजेडात बघायचे. जखम हिरवी चमकते. तिला ते आवडायला लागलं, आरशात दाखवा म्हणायची. सोळाव्या दिवशी हिरवं काही उरलं नाही. नजर अजून डाव्यापेक्षा कमी आहे, तीन महिने दाखवत राहायचं, पापणी आतून चिकटत नाही ना तेही बघायचंय.

पहिल्या ठिकाणच्या त्या मुलाबद्दल खूप राग होता. पण तूप मी घातलं होतं, डोळा मी दाबून धरला होता. त्याच्या पट्टीवर सगळं ढकलायला मन घेत नाही.

आबांची तंबाखू सुटलेली नाही. पुडी मात्र घरात येत नाही. गावाहून आईची जुनी पितळी डबी मागवली, झाकण इतकं घट्ट की त्यांनाच दाताने उघडावं लागतं.

एकच अडचण उरलीय. शाळा सुरू होतेय आणि दुपारी साडेबाराचा थेंब बाई घालायला तयार नाहीत, जबाबदारी नको म्हणतात.

खारघर_टेकडी | मंगळवार, रात्री ११.०५

डॉक्टरांकडून लेटरहेडवर थेंबाचं नाव, वेळ आणि कुठला डोळा एवढं लिहून घ्या आणि मुख्याध्यापकांच्या हातात द्या, बाईंच्या नाही. आमच्याकडे दम्याच्या पंपाचं असंच जमवलं. नाहीच ऐकलं तर मधल्या सुट्टीत आबांना पाठवा.

पाचवा_मजला | मंगळवार, रात्री ११.१४

आबा आत्ताच विचारत होते, मधली सुट्टी किती वाजता असते म्हणून.